साहेब सुलट दिसेपर्यंत

१९७४ साली पलूसच्या एका शाळेत दुर्बीण बसवायचे ठरले आणि तिचा आरसा केरबाने घासला. केरबा फौजेच्या वर्कशॉपात अठरा वर्षे दुर्बिणी दुरुस्त करून पेन्शनीत आलेला. दोन वर्षे काचेवर काच घासून त्याने आठ इंची खोलगट आरसा घडवला. "तुला शनीचं कडं दावीन," असा बायकोला, लीलाबाईला, त्याने शब्द दिला होता. पण शिक्षण खात्याच्या साहेबांनी तपासल्याशिवाय आरसा बसवता येत नव्हता.

साहेब जिल्ह्याहून आले. केरबाने खोलीत अंधार केला, दिवा लावला आणि दाढीचे ब्लेड पुढे धरले.

"ह्या धारेनं उजेड कापायचा, साहेब. आरशावर सावली एकसारखी पडली की आरसा बिनचूक. केसाच्या हजाराव्या हिश्श्याचा खड्डा असंल तरी दिसतो."

"सरकारी तपासणी दाढीच्या ब्लेडने?" साहेबांनी खिडकी उघडून फॉर्म काढला. सरकारदरबारी आरशाचा फॉर्म एकच, तोही वसतिगृहाच्या न्हाणीघरासाठी छापलेला. रकाना तिसरा: तपासणाऱ्याचा चेहरा स्वच्छ व सुलट दिसतो काय?

साहेबांनी दहा फुटांवरून पाहिले. डोके खाली, टाय वर! जवळ गेले तर नाक कृष्णाकाठच्या वांग्याएवढे.

"आवं, त्यो तोंड बघायला न्हाई, आभाळ बघायला हाय!"

"आभाळाचा रकाना आहे का यात?"

नव्हता. झाले! शेरा पडला: 'आरशात अधिकारी उलटा दिसतो. शिस्तीस बाधक.' महिन्यात दुरुस्ती करा, नाहीतर आरसा भंगारात. केरबा पुन्हा घासायला बसला. दुसऱ्या तपासणीत साहेब सुलट झाले, पण नाक जाडच. तिसऱ्या वेळी आरसा पाटासारखा सपाट झाला. साहेबांनी त्यात भांग पाडला आणि 'उत्तम' लिहून शिक्का उमटवला. सपाट आरशाने दुर्बीण आंधळी झाली होती, म्हणून आरसा शाळेच्या कचेरीत टांगला.

आरशाच्या उद्घाटनाला गाव लोटले. कुणी टोपी सारखी केली, कुणी मिशीला पीळ दिला. "लय झ्याक आरसा, गड्या!" लीलाबाईने तेवढे विचारले, "आवं, कडं कुठं हाय?"

केरबाची दोन वर्षे पाण्यात गेली होती. "पास झालाय," तो म्हणाला, आणि बोलता बोलता आरशात बघून त्याने पटक्याचे टोक नीट केले.

या गोष्टीतला साहेब ज्यांना शेजारच्याच खात्यातला वाटला, त्यांच्या घरचा आरसाही तपासून पास झाला आहे, असे समजावे.