मुरलेली फी

कर्ज काढायलाही आधी पैसे लागतात, हे सत्य ज्याला उमगलं तो एकतर संसारातून सुटतो किंवा वित्त विभागात लागतो. मी लागलो.

आमची कंपनी शेअर दलालीची. गेल्या वर्षी तिने मोठं कर्ज काढलं. त्यासाठी बँकेला प्रक्रिया शुल्क दिलं, वकिलाला मसुदा शुल्क दिलं आणि बँकेची ओळख करून देणाऱ्या सल्लागाराला ओळख शुल्क दिलं. (बँक आमच्याच इमारतीत, तळमजल्यावर आहे.) ही सगळी फी त्याच वर्षी खर्चात टाकली असती तर नफा उरला नसता, आणि नफा नाही तर साहेबांना बोनस नाही. पण हिशेबशास्त्र इतकं निर्दय नाही. फी कर्जाच्या पाच वर्षांवर पसरायची, दरवर्षी थोडी थोडी खर्चात घ्यायची. तोवर उरलेली फी आमच्या ताळेबंदात मालमत्तेच्या बाजूला, खुर्च्या-संगणकांच्या शेजारी ऐटीत बसते. अहवाल सोप्या भाषेत लिहायचं काम माझ्याकडे. म्हणून या क्रियेला मी 'मुरवणे' हा शब्द दिला. साहेबांना तो फार आवडला.

फी भरता भरता रोकड आटली. मग दुसरं कर्ज काढून पहिलं फेडलं. दुसऱ्याचीही फी होतीच. नियम म्हणतो, कर्ज फिटलं की त्याची उरलेली फी ताबडतोब खर्चात घ्या. साहेब म्हणाले, "अरे, कर्ज तेच आहे, नुसते कपडे बदललेत." दोन्ही फी एकत्र मुरत ठेवल्या. आजमितीस आमच्या मालमत्तेत ७१ टक्के फी, १८ टक्के आशा आणि बाकी फर्निचर आहे. (फर्निचर भाड्याचं आहे.)

माझी मावशी निवृत्त मुख्याध्यापिका. गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी जपलेले पैसे तिने माझ्या शब्दावर आमच्याच शेअरमध्ये घातले होते. अहवाल हाती पडला तशी लंगडत घरी आली. फी मुरवल्याच्या तळटिपेखाली लाल पेनाची रेघ होती.

"फी म्हणजे दिलेले पैसे ना रे?"

"हो."

"म्हणजे गेले."

"गेले नाहीत गं मावशी, मुरताहेत. तू जरा थांब."

"तुझे काका जाऊन सहा वर्षं झाली. त्यांनाही घरात धरू का?"

(धरता येईल, पण दरवर्षी थोडे थोडे कमी करावे लागतील. हे मी मनातच म्हणालो. तिच्या हातात काठी होती.)

"मेल्या, पाणी कुठे मुरतंय ते स्वतःच छापलंस, आणि वर मला थांब म्हणतोस? माझा गुडघा थांबणार आहे का पाच वर्षं?"

दुसऱ्या दिवशी बाजार उघडताच तिने सगळे शेअर विकले. ऑपरेशन झालं. आता ती जिने चढते आणि भेटेल त्याला माझा 'मुरवणे' हा शब्द ऐकवते. मला मनापासून बरं वाटलं.

आता विकणारा आला म्हणजे घेणाराही आला. ते शेअर एका म्युच्युअल फंडाने घेतले, तेही चढ्या भावाने. हो, तोच फंड, ज्यात दर महिन्याला तुमचा हप्ता जातो. त्याचा अहवाल तुम्हाला ईमेलने येतो आणि तुम्ही तो उघडत नाही. बरंच करता. अशा गोष्टी मुरू द्याव्यात.