देवांचे सेफ्टी ऑफिसर

आमच्या शेजारच्या सावंतकाकांनी आजवर एकाही देवाला पास केलेले नाही.

हे देव चिनी ॲनिमेशनपटांतले असतात. मूळचे पुराणातले, पण बिऱ्हाड थाटलेले भविष्यातल्या शहरात. कुणाच्या मानेत केबल खुपसलेली, कुणाचे वाहन म्हणजे निळ्या ठिणग्या सोडणारी मोटरसायकल, आणि ढगांमधला राजवाडा गुलाबी निऑन पाट्यांनी मढवलेला. इथे आखातात, अल् घुब्रातल्या आमच्या इमारतीत दर शुक्रवारी सुट्टीच्या दुपारी काका असा एक चित्रपट लावतात, वाचायचा चष्मा चढवतात आणि रिमोट रोखून तपासणी सुरू करतात.

काका मूळचे मालवणचे. इथल्या एका कारखान्यात सेफ्टी ऑफिसर. "संशय घ्यायचाच मला पगार मिळतो," असे ते अभिमानाने सांगतात. ते प्रथम माझ्याकडे चहाला आले, तेव्हा कपाला हात लावण्यापूर्वी त्यांनी गॅसची नळी तपासली होती.

या शुक्रवारांचे कारण त्यांची एकुलती मुलगी मधुरा. तिला चीनमधल्या एका स्टुडिओने नोकरी देऊ केली होती. नेमके असलेच देव रेखाटण्याची. उत्तर महिनाअखेरीस द्यायचे होते. काकूंना जाऊन पाच वर्षे झालेली, घरात दोघेच. काकांनी होकार दिला नाही, नकारही दिला नाही. "आधी माल तपासतो," एवढेच म्हणाले. आणि मी भौतिकशास्त्राची एम.एस्सी. म्हणून मला निःपक्ष तज्ज्ञ नेमून सोफ्यावर बसवले.

मी निःपक्ष नव्हते. मधुराने जावे असेच मला वाटत होते, आणि काकांना त्याचा वास लागला असावा. "तुझ्यावरपण संशय आहे हां," असे म्हणत ते माझ्यापुढे कोकम सरबत ठेवत.

"थांब." विजेचा देव दोन गगनचुंबी इमारतींच्या मध्ये तरंगत असताना काकांनी चित्र थांबवले. "एवढ्या उंचीवर काम करतोय. बेल्ट खंय आसा?"

"पप्पा, तो गॉड आहे."

"आमचा फोरमनपण स्वतःला तेच समजायचा. तीन महिने प्लास्टरमध्ये होता."

दुसऱ्या चित्रपटात त्यांना शहराचाच संशय आला. "इथे कायम रात्र का?"

"निऑन उठून दिसतो ना," मधुरा म्हणाली.

"उठून दिसतो म्हणून माणसं अंधारात राबवायची? कोण आहे यांचा अर्बाब? मालकाला बोलव म्हणावं समोर."

मला मात्र संशय काकांचाच येत होता. निष्कर्ष आधी ठरवून मग पुरावे गोळा करणारी माणसे मी प्रयोगशाळेत पाहिली आहेत. एका बापाला 'नको' म्हणायचे होते, आणि ते पाप तो देवांच्या माथी मारू पाहत होता.

मुदतीच्या आदल्या शुक्रवारी मधुराचाही धीर सुटला. "नाही म्हणायचंय तर सरळ म्हणा ना, पप्पा," ती ताटावरून उठत म्हणाली. "त्या गॉड्सना कशाला ब्लेम करता?" घासही न घेता ती खोलीत गेली आणि दार लागले. काकांनी तिच्या ताटावर झाकण ठेवले, आणि दुसरे काय करावे ते न सुचून चित्रपट लावला.

त्यात एका योद्ध्याच्या मृत आईचा आवाज दिव्यात साठवलेला होता. तो घरी परतला की दिवा उजळे आणि विचारे, जेवलास का? खाली इंग्रजी अक्षरे उमटत. तिसऱ्यांदा दिवा उजळला तेव्हा काकांनी रिमोट दाबला.

"हे चूक आहे."

"कुठे?" मी वादाच्या तयारीने विचारले.

"रोज एकच सूर. घरी उशिरा आलेल्याला वेगळं विचारतात. तापाने आलेल्याला वेगळं." त्यांनी चष्मा काढला. बंद दाराकडे पाहून आवाज खाली आणला. "तू शिकलेली आहेस म्हणून विचारतो. बापाचा आवाज असा भरून लेकीबरोबर द्यायचा, तर किती वाक्यं लागतील?"

मी फोन काढला आणि रेकॉर्डिंग सुरू केले.

काका ताठ बसले. कारखान्यात भोंग्यावरून सूचना द्यावी तसे म्हणाले, "जेवलंस काय गो?"

स्वतःच मान हलवली. "ह्यां दम दिल्यासारख्यां झालां. परत घे."

दुसऱ्यांदा फार घाई झाली. तिसऱ्यांदा सूर लागला. हळू, किंचित घाबरलेला.

"जेवलंस काय गो?"

"नाही अजून," दारातून मधुरा म्हणाली. ती कधीपासून उभी होती, कुणास ठाऊक.

काका दचकले, मग उठून स्वयंपाकघराकडे निघाले. "मग जेव आधी. आणि त्या स्टुडिओक लिही, येतंय म्हणान."

ती ताटावर बसली तरी ते आमच्याकडे पाठ करून आमटी ढवळत होते. आमटी केव्हाच उकळू लागली होती.