फुलसिंगाचा अभ्यासक्रमातला पाय

या मंडळी, टाळ खाली ठेवा, जरा जवळ सरका. एका पायाचं आख्यान सांगतो.

आर्णीजवळच्या तांड्यावर फुलसिंगाच्या टाचेत बाभळीचा काटा मोडला. शेतकऱ्याच्या टाचेत काटा मोडणं ही शासनानं दखल घ्यावी अशी बाब नव्हे. परंतु त्याच आठवड्यात त्याचा थोरला, डॉक्टर डोंगरसिंग, विकृतिशास्त्राच्या, म्हणजे रोगांच्या शास्त्राच्या, पहिल्या भागाच्या परीक्षेचा अभ्यास करायला नागपूरहून घरी आला होता.

जमनाबाई सुई तापवून नवऱ्याच्या पायाशी बसली, तसा पोरगा पुस्तक सोडून आईकडे धावला.

"याडी, सुई ठेव. पहिला प्रश्न दाहाचाच येते. लाली, सूज, गरमी, ठणका, अन् शेवटी अवयव निकामी. बाचा पाय अभ्यासक्रमातला हाय."

"अन् औषध?" फुलसिंगानं विचारलं.

"औषधाचं खातं वेगळं, बा. आमच्याकडे फक्त रोग."

फुलसिंग कीर्तनात मुरलेला माणूस. पूर्वरंगात बुवा तत्त्व सांगतात, कथा मागून, उत्तररंगात येते. मध्येच उठून जाणारा तो करंटा. त्यानं पाय पाटावर ठेवला आणि निरूपण ऐकू लागला.

लाली वेळेवर आली. सूज तर पुस्तकाहून सरस निघाली. डोंगरसिंगानं नागपूरहून दोन सहाध्यायी बोलावले. त्यांनी रंगीत पेन्सिलींनी पायाचं चित्र काढलं, आणि नडगीवर चढलेली लाल रेघ पाहून एकमेकांचं अभिनंदन केलं. शेजारचा रामधन कडुलिंबाचा पाला वाटून घेऊन आला. उपचारामुळे विद्यार्थ्यांचं शैक्षणिक नुकसान होतं, हे त्याला दारातच समजावण्यात आलं. बिचारा शरमून परतला.

"लय ठणकते रे मले," फुलसिंग कण्हला.

"कसं ठणकते? सविस्तर सांग," म्हणत तिघांनी वह्या उघडल्या.

परीक्षा झाली. डोंगरसिंग पहिला आला. दरम्यान जमनाबाईनं नवऱ्याला बैलगाडीत घालून दवाखान्यात नेलं होतं, आणि तिथं त्याचं पाऊल घोट्यापासून काढावं लागलं होतं.

सत्काराच्या मांडवात फुलसिंग कुबडीवर आला. पोरगा खाली पाहून गहिवरला.

"बा, हे परीक्षेआधी झालं असतं, तं शेवटच्या लक्षणाचे मार्क गेले नसते."

"जाऊ दे बापा. आता उत्तररंग कधी हाय?"

"दुसरा भाग? पुढच्या साली," डोंगरसिंग म्हणाला, आणि बापाच्या दुसऱ्या पायाकडे पाहू लागला.

मांडवात टाळ्यांचा कडकडाट झाला. कोणी कोणी वाजवल्या ते मी विचारत नाही. पुढच्या रांगेत तुम्हीच होता. मागणं एवढंच, की पोरगं पास झाल्याचे पेढे वाटाल तेव्हा फुलसिंगाला आठवा. तो अजून पूर्वरंगातच बसला आहे.