ऐंशी टक्क्यांचे तात्या

दत्तूतात्या कुणाच्याही घरात शिरले की आधी माणसांकडं बघत नाहीत, भिंतीकडं बघतात. चार्जरला फोन लटकलेला दिसला की चपला काढायच्या आधीच विचारतात, "किती झालं?" नवा माणूस गोंधळून पोराचे मार्क किंवा उसाचं टनेज सांगायला लागतो. तात्यांना बॅटरीचे टक्के हवे असतात.

निमगाव केतकीत तात्यांचं घर आमच्या घराला लागून. साखर कारखान्याच्या वीज खात्यात त्यांनी उभी हयात बॅटऱ्या सांभाळल्या. निवृत्त झाल्यावर सांभाळायला काही उरलं नाही, तेव्हा गावाचे फोन हाती घेतले. वीसच्या खाली जाऊ द्यायचं नाही, ऐंशीच्या वर चढू द्यायचं नाही आणि तापू तर मुळीच द्यायचं नाही, हे त्यांचं शास्त्र.

"गुरुजी, बॅटरी म्हंजी बैल हाय," ते मला सांगत. मी इथल्या शाळेत चौथीला शिकवतो. "उपाशी जुपायचा न्हाय, आन् पोट फुगंस्तोवर चारायचाबी न्हाय."

एकदा चार्जिंगला लावलेल्या फोनवर मी क्रिकेट बघत बसलो आणि फोन हातात धरवेना इतका तापला. सुनंदानं, म्हणजे माझ्या बायकोनं, तो सरळ फ्रीजमध्ये कोथिंबिरीशेजारी ठेवला. नेमके तात्या आले.

"सूनबाई, ताप आलेल्या माणसाला तुमी आडात ढकलता का?"

त्यांनी फोन बाहेर काढला, पुसला, कव्हर उतरवलं, पंख्याखाली फरशीवर ठेवला आणि शेजारी मांडी घालून बसले. मधून मधून त्याच्या पाठीला हात लावून बघत होते. मॅच कुणी जिंकली, हे मला दुसऱ्या दिवशी शाळेत कळलं.

वरकुटे गावातल्या एका लग्नात तर एकाच बोर्डाला नऊ फोन लागले होते. तात्यांनी तिथंच खुर्ची टाकली. जो ऐंशीला पोचेल तो काढून मांडीवर घ्यायचा. मंगलाष्टका झाल्या, अक्षता पडल्या, तात्या जागचे हलले नाहीत. नवरदेवाचा मामा तणतणत आला.

"माझा फोन कुणी काढला? मला शंभर पायजे."

"शंभर कशाला? शूटिंगला माणूस येगळा हाय. घरी जाईस्तोवर ऐंशी पुरतंय."

"तुमी कोण सांगणार?"

"मी कोण न्हाय. पर फोन आत्ताच निवालाय, तुमीबी निवा जरा."

 मामा शेजारच्या खुर्चीत बसला आणि हळूच विचारता झाला, "मंग रातभर लावलेलाबी बरा न्हाय व्हय?" जेवणाच्या पंगतीत तात्यांच्या पानात दोन जिलब्या जास्तीच्या पडल्या, त्या या मामानंच वाढल्या.

आमच्या घरी त्यांची रोजची फेरी ठरलेली. साडेपाचला मी शाळेतून येऊन फोन चार्जिंगला लावायचा. सहाला तात्या यायचे, बटनांच्या बोर्डाखालच्या खुर्चीत बसायचे, चहा घ्यायचे, पावसाचं, कारखान्याचं, कुणाच्या सोयरिकीचं बोलायचे. सातच्या आसपास ऐंशी झाले की फोन काढून माझ्या हातात द्यायचे. "घ्या. झालं ह्याचं जेवण." आणि घरी जायचे.

दिवाळीची सुट्टी संपता संपता माझा जुना फोन हातातून पडून फुटला. बारामतीहून नवा आणला. दुकानातल्या पोरीनं एक सेटिंग करून दिलं: ऐंशीला चार्जिंग आपोआप बंद. तात्या खूश होतील म्हणून मी त्यांना मुद्दाम दाखवलं. त्यांनी चष्मा लावून फोन उलटासुलटा करून पाहिला.

"शाना हाय," ते म्हणाले. "आता कुणी बसायला नको."

चहा अर्धा ठेवून ते उठले. मला वाटलं, काही काम आठवलं असेल.

दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. तिसऱ्याही दिवशी नाहीत. चौथ्या दिवशी सुनंदानं चहा ओतला, तर एक कप जास्त झाला. तिनं तो माझ्याकडं सरकवला आणि म्हणाली, "जाऊन बघा की."

मी गेलो. तात्या ओसरीवर लसूण सोलत बसले होते. काकू जाऊन सहा वर्षं झाली, मुलगा नाशिकला. कोनाड्यात त्यांचा फोन होता. काहीतरी बोलायचं म्हणून मी तो उचलला. एकसष्ट टक्के.

"सकाळी लावला होता का, तात्या?"

"न्हाय. सोमवारी."

गुरुवार होता. एवढा जुना फोन आणि बॅटरी चार दिवस टिकते, याचं मला कौतुक वाटलं, तसं मी बोलूनही गेलो.

"टिकंल न्हाय तर काय," तात्या लसूण सोलत म्हणाले. "वाजतोय कुठं त्यो? आयतवारी पोराचा येतो, पाच मिन्टं. बाकी पडूनच असतो."

 मी थोडा लसूण सोलून दिला आणि घरी आलो. आल्यावर सुनंदाला काही न सांगता फोनमधलं ते सेटिंग शोधून काढलं आणि बंद केलं.

शुक्रवारी शाळेतून येताना त्यांच्या दारात थांबलो. "तात्या, नव्या फोनचं काहीतरी बिनसलंय. काल थेट शंभरला गेला."

तात्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं. कारखान्यात तीस वर्षं काढलेला माणूस, त्यांना कळलं नसेल असं मला वाटत नाही.

"बघतो येऊन," ते म्हणाले.

सहाला आले. खुर्ची ओढून बसले, वाकून टक्के पाहिले.

"बेचाळीस. लई येळ हाय अजून," असं म्हणत त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. आत सुनंदानं चहाचं आधण ठेवलं होतं.