पर्यायी बसची पर्यायी गाडी

हॅगबी ते क्रॉसबेक हा एकोणीस मिनिटांचा रेल्वेमार्ग रूळदुरुस्तीसाठी आठवडाभर बंद राहील आणि त्याऐवजी बस धावेल, अशी सूचना हॅगबीच्या फलाटावर रीतसर चिकटवण्यात आली होती. आम्ही ती वाचली, मान डोलावली आणि बसच्या रांगेत उभे राहिलो. रांग दिसली की आधी उभं राहायचं, ती कशाची आहे ते पुढे कळतंच, असा आमच्या यॉर्कशरचा परिपाठ आहे.

सर्वांत पुढे मेव्हिस आणि तिचा नवरा विल्फ. विल्फच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. अठरा महिने वाट पाहिल्यावर क्रॉसबेकच्या इस्पितळाने त्याला आज सकाळी साडेनऊची वेळ दिली होती. उशीर झाल्यास नाव यादीच्या शेवटी जाईल, असं पत्रात बारीक अक्षरांत बजावलं होतं.

"मोतीबिंदूवाल्याला बारीक अक्षरांत!" मेव्हिस म्हणाली.

"अगं, शाई वाचवतात बिचारे," विल्फ म्हणाला.

आठ वाजता रेल्वेचा डेझमंड नारिंगी जाकीट घालून आला. रात्रभर कोसळलेल्या पावसाने रस्ता पाण्याखाली गेला होता. बस रद्द.

"आणि रूळ?" मेव्हिसने विचारलं.

"रूळ उंच बांधावर. त्यांना काय धाड भरलीय?"

"उखडलेत ना पण?"

"छे! पावसामुळे दुरुस्ती सुरूच झाली नाही."

"मग ही गाडी उभी आहे, ती सोड की."

"कशी सोडू? मार्ग दुरुस्तीसाठी बंद आहे."

डेझमंड वाईट माणूस नव्हता. त्याने वर फोन लावला. वरच्यांनी त्यांच्या वरच्यांना लावला. पाच मिनिटांत तो हसतमुखाने परतला. गाडी सोडायला परवानगी मिळाली होती. मात्र रेल्वेगाडी म्हणून नव्हे, तर रद्द झालेल्या पर्यायी बसची पर्यायी सेवा म्हणून. आम्ही टाळ्या वाजवल्या. बेताने.

गाडी बसच्या जागी धावत असल्यामुळे तिला बसचं वेळापत्रक लागू झालं. एकोणीस मिनिटांचे सत्तर झाले. थांबेही बसचेच. चर्चपाशी, पबपाशी, रोपवाटिकेपाशी गाडी शेताच्या कुंपणाला खेटून उभी राही. तिथे फलाट नाही म्हणून दारं उघडायची नाहीत, पण कुणी चढणारा असेल तर त्याची गैरसोय नको म्हणून तीन-तीन मिनिटं थांबायचं. पबपाशी खरोखरच एक म्हातारी छत्री घेऊन चिखलात उभी होती. तिने बसला करतात तसा हात केला. डेझमंडने काचेआडून तिची मनापासून माफी मागितली. तिनेही त्याची मागितली.

सव्वानऊला क्रॉसबेकचं स्टेशन आलं. मोकळा, धुतल्यासारखा फलाट डोळ्यांसमोरून सरकत मागे गेला, कारण स्टेशन दुरुस्तीसाठी बंद होतं. गाडी दोनशे पावलं पुढे, सुपरमार्केटच्या मागच्या कुंपणापाशी थांबली. बसचा शेवटचा थांबा तोच होता. कुंपणात छोटं फाटक, पलीकडे मोटारी लावायची जागा आणि तिच्या पलीकडे इस्पितळ.

"दिसतंय का गं?" विल्फने विचारलं.

"त्याचं दारसुद्धा दिसतंय. डेझमंड, दार उघड बाबा."

"फलाट नाही, मेव्हिस."

"मग आम्ही उतरायचं कुठे?"

"हॅगबीला. नऊ चोवीसला गाडी परत निघते." मग डेझमंडने आवाज खाली आणला. "हे बघा, मला दार उघडता येत नाही. पण ते लाल हँडल कुणी प्रवाशाने ओढलं, तर ती आणीबाणी होते. आणीबाणीत शिडी लावून माणसं उतरवणं हे माझं कर्तव्यच आहे. मी आता जरा पलीकडे तोंड करून उभा राहतो."

त्याने तोंड फिरवलं. डब्यात सतरा प्रवासी होते. विल्फ-मेव्हिस सोडून पंधराही जणांनी हँडलकडे पाहिलं, मग खिडकीबाहेर पाहिलं.

"कुणीतरी ओढा की," टोपीवाला एक गृहस्थ आपल्या टोपीला म्हणाला.

"मी ओढलं असतं हो," त्याच्यासमोरची बाई म्हणाली, "पण शस्त्रक्रिया त्यांची. आपण मध्ये पडणं बरं दिसत नाही."

मेव्हिस उठली. विल्फने चाचपडत तिचं मनगट धरलं. "बस खाली. माझ्या डोळ्यांपायी एवढ्या लोकांचा खोळंबा नको."

आम्ही सगळे 'छे छे, खोळंबा कसला!' असं म्हणालो. अगदी मनापासून म्हणालो, आणि बसून राहिलो. मेव्हिस एकेका चेहऱ्याकडे बघत होती. माझ्यापाशी तिची नजर आली तेव्हा मी थर्मास उघडून विल्फला चहा दिला. चांगला गरम होता.

चोवीसला गाडी निघाली.

विल्फचं नाव यादीच्या शेवटी गेलं. नवी तारीख चौदा महिन्यांनी. बातमी गावभर झाली आणि गाव पेटून उठलं. पुढच्या आठवड्यात स्थानिक वर्तमानपत्रात त्याबद्दल पंधरा जळजळीत पत्रं छापून आली. पंधराही पत्रं त्याच डब्यातल्या प्रवाशांची, आणि पंधराही पत्रांचा सूर एकच: कुणीतरी ते हँडल ओढायला हवं होतं. मेव्हिसने ती विल्फला एकेक करून वाचून दाखवली. त्याला स्वतःला वाचता येत नाहीत ना.

सर्वांत परखड पत्र माझं होतं, असं संपादकांनी कळवलं. हे वाचताना तुम्हीही मान डोलावलीत, तेव्हा तुमचंही मत तेच दिसतंय. सरका थोडं, डब्यात जागा आहे.