मोसंबीच्या सालींचा दिवाळसण

यंदाच्या दिवाळीत मोसंबीच्या साली फेकायच्या नाहीत, एवढंच मी ठरवलं होतं. इतक्या साध्या निर्णयातून व्याह्यांच्या अंगाला मुंग्या लागतील हे कुणी सांगितलं असतं, तर मी त्याला चहा पाजून परत पाठवला असता.

पण आधी बैठकीचं सांगायला हवं. आमच्या दिपमालेचं लग्न ठरवायला धुळ्याची मंडळी जळगावला आमच्या घरी आली, तेव्हा होणारे व्याही रतिलालभाऊ सहज म्हणाले, "मुलीला स्वयंपाक येतो ना?" माझ्या बायकोनं, कोकिळेनं, "शिकेल हळूहळू" असं खरंखुरं उत्तर द्यायला तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात मी म्हणालो, "येतो म्हणजे काय! मी स्वतः शिकवलाय."

(मला चहा येतो. दूध उतू गेलं नाही तर.)

वैशाखात लग्न झालं आणि आषाढात दिपूनं सासरी वरण-बट्टी केली. रतिलालभाऊ हे रिटायर्ड हेडमास्तर. शिस्तीचे असल्यामुळे ते पानात पडलेलं सगळं संपवतात. त्यांनी बट्टी फोडायचा प्रयत्न केला आणि त्यांच्या दाढेची कॅप निघून आली. त्यानंतर शेवभाजीत मीठ दोनदा पडलं आणि एकदा पडलंच नाही. जावई ललितराव बिचारे सज्जन, "छान झालंय" म्हणत पाणी पीत राहिले. पण विहीणबाई, मोहिनीबाई, प्रत्येक वेळी एकच वाक्य म्हणायच्या, "शिकवणाऱ्यानं काय शिकवलं, ते एकदा बघायला पाहिजे."

दिपू फोनवर रडली. "पप्पा, तुम्ही कशाला बोललात तसं? इथे प्रत्येक भाजीला तुमचं नाव निघतं." मला फार वाईट वाटलं. पोरगी माझी, बोलणं माझं, आणि ऐकून घेतेय ती. त्यातच पहिल्या दिवाळसणाला जावयाबरोबर व्याही-विहीणही येणार असल्याचं कळलं. रतिलालभाऊंनी फोनवर मुद्दाम सांगितलं, "जीवरामभाऊ, फराळात एक जिन्नस तुमच्या हातचा हवा." मी "अवश्य, अवश्य" म्हणालो आणि फोन ठेवून पंख्याखाली बसलो.

त्याच आठवड्यात कोकिळेच्या भावानं, नवलनं, जामनेरहून मळ्यातली मोसंबी पाठवली. चांगला कट्टाभर, पोतंच म्हणा. आम्ही सकाळ-संध्याकाळ रस पिऊ लागलो आणि घरात सालींचा ढीग झाला. अशात मोबाईलवर एक व्हिडिओ समोर आला. एक बाई साली पाकात शिजवून, सुकवून, साखरेत घोळवून काचेच्या बरणीत भरत होती. नाताळात लोक म्हणे एकमेकांना देतात. मी विचार केला, साल आणि साखर, दोनच वस्तू आहेत. बिघडून बिघडून काय बिघडणार? (आमच्या पाटबंधारे खात्यात प्रत्येक कामाची सुरुवात याच वाक्यानं होते.)

माझ्या आईलाही, म्हणजे अक्कालाही, त्याच साली हव्या होत्या. अक्का मूळची पारोळ्याकडची. दिवाळीचं उटणं ती विकतचं आणू देत नाही. दरवर्षी संत्र्या-मोसंबीच्या साली गच्चीवर कडकडीत वाळवते, दळते आणि त्यात नागरमोथा, कचोरा, मुलतानी माती घालते. आम्ही वाटणी केली. अर्ध्या साली तिच्या उटण्याला, अर्ध्या माझ्या अब्रूला.

मग मी स्वयंपाकघरात शिरलो. कोकिळा चकल्या तळत होती. तिची पाठ वळताच मी कढई उतरवून माझं पातेलं चढवलं.

"अहो, हे काय उकळत ठेवलंय?"

"साली. कडूपणा काढायचा आहे."

"मघाशी उकळल्या होत्या ना?"

"ते पहिलं पाणी. हे दुसरं. अजून तिसरं आहे."

"तिसरं कशाला?"

"व्हिडिओत आहे."

"चकल्या थंड तेलात भिजत पडल्या तर काय करायचं, ते आहे का व्हिडिओत?"

मी पाकाकडे वळलो. एकतारी पाक म्हणजे दोन बोटांत धरून तार बघायची असते. मी बघितली. तार आली, बोटंही भाजली, आणि भाजलेली बोटं मी चटकन तोंडात घालणार तोच कोकिळा ओरडली, "शुगर आहे ना तुम्हाला! खबरदार चाखलंत तर!" तेव्हा हे आधीच सांगून ठेवतो की पुढे जे झालं ते होईपर्यंत मी माझ्या हातची एकही साल चाखलेली नव्हती. कोकिळेला मी चाखू दिली नाही, कारण तिनं नावं ठेवली असती. अक्काला गोड चालत नाही. थोडक्यात, पदार्थ कुणाही माणसाच्या जिभेला न लागता तयार झाला.

पण दिसत होता मात्र देखणा! साखरेत घोळवलेल्या त्या पिवळ्या पट्ट्या मी गच्चीवर पापडाच्या प्लास्टिकवर मांडल्या आणि वरून मच्छरदाणी टाकली. शेजारी जुन्या लुगड्यावर अक्काच्या साली वाळत होत्या. दुसऱ्या दिवशी दुपारी आभाळ भरून आलं. दिवाळीतला पाऊस, तोही अंगावर धावून आल्यासारखा. मी लुंगी सावरत गच्चीवर पळालो, दोन्हीकडचा माल दोन डब्यांत कोंबला आणि स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवून दिला. दोन्ही डबे लग्नाच्या आहेरात आलेले, जुळे भाऊच. पण मी गाफील नव्हतो. डावीकडे माझा, उजवीकडे अक्काचा, असं मनाशी पक्कं केलं होतं. संध्याकाळी कोकिळेनं दिवाळीची साफसफाई म्हणून ती फळी पुसली आणि डबे परत ठेवले, एवढंच मला माहीत नव्हतं.

"जीवू, मना साल्टा दयी टाक रे मिक्सरमा," अक्का म्हणाली. तिच्या मोतीबिंदूचं नुकतंच ऑपरेशन झालं होतं. काळा चष्मा लावून ती बसलेली, धुराळा तिला वर्ज्य. मी उजवीकडचा डबा काढला. साली किंचित चिकट लागल्या, पण पावसाचे थेंब पडले असतील असं वाटलं. वर काहीतरी पांढरं होतं, पण अक्का दरवर्षी सालींना काही ना काही लावतेच. मिक्सर दोनदा घुर्र करून बंद पडला, तेव्हा मी त्याला थोपटलं. नीट न बघता पुढे पाठवणं हा आमच्या खात्यातला जुना गुण आहे. मी वाटलेली भुकटी अक्काच्या परातीत पाठवून दिली आणि अक्कानं चाचपडत तीत बाकीचं मिसळलं.

मग मी डावीकडचा डबा उघडला. साली चांगल्या कडक झाल्या होत्या. साखर जरा झडल्यासारखी दिसली म्हणून वरून पिठीसाखर भुरभुरवली आणि साली काचेच्या बरणीत भरल्या. मधेमधे काहीतरी हिरवं चुरडलेलं दिसत होतं. कोकिळेनं गुपचूप पिस्ता घातला, असं समजून माझे डोळे पाणावले. इतक्या वर्षांच्या संसारात बायकोनं न सांगता आपली बाजू सावरावी, याहून माणसाला काय हवं?

पाहुणे आले. नरक चतुर्दशीला पहाटे ललितरावांना पाटावर बसवलं. कोकिळेनं तेल लावलं, दिपूनं उटणं चोळायला घेतलं.

"खरखरीत आहे नाही?" ललितराव म्हणाले.

"घरचं आहे," मी बाहेरून अभिमानानं सांगितलं.

थोड्या वेळानं ते पुन्हा म्हणाले, "आई, ओठाला लागलं जरा. गोड लागतंय."

कोकिळा खूश झाली. जावई सासरच्या उटण्यालाही गोड म्हणतो, असा जावई मिळायला नशीब लागतं, असं ती मला बाहेर येऊन सांगून गेली. ललितरावांनी लगेच गरम पाणी घेतलं, म्हणून ते सुटले. रतिलालभाऊंचं तसं नव्हतं. उटणं अंगावर पूर्ण वाळलं पाहिजे, तरच त्याचा उपयोग, असं त्यांचं मत. ते पंचा लावून, हातापायांना जाड थर देऊन, घरापुढच्या ओट्यावर फटाके ऐकत बसले.

आमच्या ओट्याच्या फटीत लाल मुंग्यांचं वारूळ आहे. त्यांचीही दिवाळीच होती.

पहिल्यांदा रतिलालभाऊंनी नुसती पोटरी झटकली. मग दंड झटकला. मग ते एकदम उभे राहिले आणि ओट्यावर असे काही नाचू लागले की समोरच्या घरातल्या पोरांनी फुलबाज्या टाकून टाळ्या वाजवल्या. "रतिलालभाऊंना फटाक्यांचा भारीच नाद दिसतो," मी मोहिनीबाईंना म्हणालो. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि बादली घेऊन त्या धावल्या.

फराळाला बसलो तेव्हा रतिलालभाऊंच्या हातापायांवर लाल गांधी उठल्या होत्या. वातावरण जरा गंभीर होतं. दिपू खाली मान घालून वाढत होती. मला वाटलं, हीच वेळ. मी बरणी आणली.

"ही माझ्या हातची. तीन पाण्यातून काढलीय," मी म्हणालो आणि पहिली साल रतिलालभाऊंच्या ताटात ठेवली.

त्यांनी ती दाताखाली धरली. कटकन आवाज झाला. सगळे त्यांच्या दाढेकडे बघू लागले. पण पहिल्या दिवाळीला व्याह्याच्या घरी पदार्थाला नाव ठेवायचं नाही, एवढी रीत ते पाळणारच. चेहरा हळूहळू बदलत गेला. आधी कपाळ आक्रसलं, मग डोळे बारीक झाले, मग दोन्ही कान मागे गेल्याचं मी स्वतः बघितलं.

"कशी आहे?" मी विचारलं.

"वेगळी आहे," ते म्हणाले आणि गिळली.

"सुरुवातीला किंचित कडवट लागते. तीच तिची खासियत. अजून एक घ्या." मी आणखी दोन ठेवल्या. त्यांनी त्याही शिस्तीत संपवल्या. ललितरावांनी एक तोंडात टाकली आणि ते ती तशीच गालात ठेवून बसून राहिले. मोहिनीबाईंनी पदर तोंडाला लावला.

"पिस्ता कोकिळेनं घातलाय," मी मोठ्या मनानं सांगितलं.

"मी? कुठला पिस्ता?" कोकिळा म्हणाली.

अक्कानं काळा चष्मा वर केला, ताटातली साल उचलली, नाकाशी नेली. "जीवू, हाई ते मन्ही साल शे! हाऊ निंबना पाला बी मीच टाकेल शे, किडा लागू नही म्हनीसन."

कडुनिंबाचा पाला खाल्लेले रतिलालभाऊ माझ्याकडे बघत होते.

"मंग आंगले लावं ते काय व्हतं?" अक्कानं विचारलं.

सगळ्यांच्या नजरा रतिलालभाऊंच्या दंडाकडे गेल्या. तिथं एक मुंगी अजून होती. मी जमिनीत गडप व्हायला तयार होतो, पण आमच्याकडे फरशी आहे. मला स्वतःचं काही वाटत नव्हतं. दिपूकडे बघवत नव्हतं. तिच्या डोळ्यांत पाणी भरलेलं. ज्या पोरीची बाजू सावरायला हे सगळं मांडलं, तिची उरलीसुरली लाजही मी पिठीसाखर भुरभुरवून ताटात वाढली होती.

आणि मग मोहिनीबाई हसायला लागल्या. पदरातलं हसू पदरात मावेना. त्यांनी दिपूला जवळ ओढलं आणि म्हणाल्या, "बेटा, मला माफ कर. मी तुला उगीच बोलत होते. तुझ्या पप्पांच्या हाताखाली शिकून तू बट्टी निदान बट्टीसारखी गोल तरी करतेस, हेच खूप आहे!"

रतिलालभाऊंनी दंड खाजवत मान डोलावली. "आजपासून आमच्या घरात हिच्या स्वयंपाकाला कुणी एक शब्द बोलणार नाही. मी स्वतः लक्ष ठेवीन." हेडमास्तरांचा हुकूम. ललितरावांनी तेवढ्यात गालातली साल हळूच खिशात टाकली. दिपू रडता रडता हसली आणि मला एवढं बरं वाटलं की मी चुकून एक अनारसा खाल्ला. कोकिळेनंही त्या दिवशी तो मोजला नाही.

मंडळी धुळ्याला परत गेली. मी मनाशी ठरवून टाकलं की आता स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडायचा नाही, हात दाखवण्याची हौस फिटली. परवा दिपूचा फोन आला. आवाज मजेत होता. खिचडी करपली तर सासूबाईंनीच वरचा भाग काढून सगळ्यांना वाढला म्हणे, आणि "बापापेक्षा बरीच" असं कौतुकही केलं.

"पप्पा, एक काम होतं," ती म्हणाली. "माझ्या चुलतसासूबाई पुढच्या महिन्यात लग्नाला जळगावला येताहेत. त्या अजून माझ्या भाकरीला नावं ठेवतात. त्यांना घरी जेवायला बोलवाल? आणि काहीतरी तुमच्या हातचं करा ना."

मला भरून आलं. शेवटी पोरीला बापाच्या हाताची किंमत कळली. मी घसा साफ करून विचारलं, "काय करू, बेटा?"

"काहीही करा, पप्पा. फक्त आईला मदत करू देऊ नका."