एकोणीस दिवस आधी घेतलेली गाडी

आमचे समोरचे टिळेकर गाडी नेहमी उलटी लावतात. तोंड रस्त्याकडे आणि पाठ घराच्या भिंतीला, इतकी चिकटून की मधून माणूस आडवासुद्धा जाणार नाही. या कामाला त्यांना रोज संध्याकाळी दहा-बारा मिनिटं लागतात. गाडीला मागे कॅमेरा आहे, पण कॅमेऱ्यावर त्यांचा विश्वास नाही. ते तीनदा उतरतात, वाकून बघतात, परत बसतात आणि वीतभर मागे घेतात. माझी ओट्यासमोरची खिडकी बरोबर त्यांच्या ड्राइव्हवर, म्हणजे गाडी लावायच्या जागेवर उघडते, त्यामुळे कुकर होईपर्यंत माझी करमणूक होते.

आधी मला वाटायचं, चोरांची भीती असेल. इंग्लंडातल्या आमच्या या स्लाऊमध्ये तसं काही अशक्य नाही. मग एकदा त्यांनीच सांगितलं. गाडीची पाठ लोकांना दिसू नये म्हणून हा खटाटोप आहे, कारण पाठीला एक्झॉस्टचा पाइप एकच आहे. स्पोर्टला दोन आहेत.

ही स्पोर्ट म्हणजे याच गाडीची थोरली, नखरेल बहीण. टिळेकरांनी आपली राखाडी, सालस, साधी गाडी घेतली आणि एकोणिसाव्या दिवशी कंपनीने स्पोर्ट जाहीर केली. लाल रंग, काळं छत, सीटला लाल टाके, मोठी चाकं आणि ते दोन पाइप. त्या दिवसापासून हा मनुष्य सुतकात आहे.

मुळात मुकुंद टिळेकर पश्चात्तापातला तयारीचा गडी. नागपूरचे, पंचावन्नच्या आसपासचे, इकडे येऊन वीस वर्षं झाली तरी बोलणं अजून तिथलंच. इथल्या ट्रेडिंग इस्टेटमधल्या, म्हणजे औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्ट करतात. म्हणजे लोकांनी तयार केलेल्या गोष्टी बाहेर पडू न देणं हाच त्यांचा धंदा, आणि त्यात त्यांचा हात धरणारा कोणी नाही. घरीही तेच. साधी किटली घ्यायला त्यांनी पाच महिने लावले आणि घेतल्यावर आठ दिवसांत तशीच, पण आत निळा दिवा असलेली निघाली. हॉटेलात डोसा मागवतात आणि शेजारच्या टेबलावरच्या उत्तप्प्याकडे बघत खातात. प्रत्येक वेळी वाक्य एकच, "वहिनी, जरासं थांबायला पाहिजे होतं."

लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला मराठी मंडळातल्या लोकांनी त्यांना दोन शब्द बोलायला उभं केलं. त्यांनी सुरुवात केली, की मी सत्ताविसाव्या वर्षी लग्न केलं, आता मागे वळून बघताना वाटतं... तेवढ्यात नीलिमाने, म्हणजे त्यांच्या बायकोने, हातातला माइक काढून घेतला आणि जेवण तयार आहे म्हणून जाहीर केलं.

तर अशा माणसाने गाडी कशी घेतली असेल, याचा विचार करा. चौदा महिने संशोधन. एक्सेलमध्ये एकेचाळीस रकाने, त्यातला एक "कपहोल्डरची खोली". आणि एवढं सगळं करून शेवटी मुहूर्त कोणता, तर दसरा. आम्ही सगळे हसलो. एरवी हा माणूस देवासमोर हात जोडतानाही घड्याळ बघतो, आणि गाडी मात्र पंचांग काढून घेणार. शोरूमवाल्याला त्यांनी दसऱ्याचीच तारीख हवी म्हणून वेठीला धरलं होतं.

त्या दिवशीची पूजा मी जन्मात विसरणार नाही. त्यांच्या आई, आम्ही सगळे त्यांना माई म्हणतो, सहा महिन्यांच्या व्हिसावर आलेल्या होत्या आणि दोनच दिवसांनी परत नागपूरला जायच्या होत्या. एक्याऐंशीचं वय, गुडघे गेलेले, पण उत्साह दांडगा. गार्डन सेंटरमधून झेंडू आणलेला. टिळेकरांनी आधी बॉनेटवर स्वयंपाकघरातली क्लिंग फिल्म ताणून बसवली आणि मगच माईंना कुंकवाने वर 'श्री' काढू दिला. चाकाखाली लिंबं ठेवायची वेळ आली तेव्हा लिंबाच्या आम्लाने टायरला काही होतं का, हे त्यांनी फोनवर बघून घेतलं. नारळ फोडायला घराच्या मागे गेले, कारण पुढच्या फरशा नव्या होत्या. माईंनी पुढच्या सीटवर बसून गावाला एक फेरी मारली. परत आल्या तेव्हा पदराने डोळे पुसत होत्या. मी नीलिमाला म्हटलं, मुलाचं ड्रायव्हिंग बघून रडू आलं असेल.

आणि मग एकोणिसाव्या दिवशी ती लाल बया आली.

तिथून पुढे आमचे हाल विचारू नका. मी कचऱ्याचा बिन बाहेर काढायला गेले की टिळेकर हजर. "स्पोर्ट येऊन राहिली होती वहिनी, आणि मी इकडे कुंकू लावून राहिलो होतो." मी एकदा सांगितलं, की आपल्या रस्त्याला वीस मैलांची मर्यादा, दर चाळीस पावलांवर स्पीड बम्प, आणि तुम्ही मोटरवेवर ट्रकच्या मागे जाणारे, तुम्हाला वेग कशाला हवा? तर म्हणाले, वेग नको, पण असायला पाहिजे. शोरूमवाल्याने आधी काही सांगितलं नाही का, असं कोणीही विचारलं की तोंड पाडून म्हणायचे, "कोणी एका शब्दाने बोललं नाही." माझ्या नवऱ्याने तर शोरूमविरुद्ध तक्रारीचा मसुदाही करून दिला. तो त्यांनी घेतला, घडी घालून खिशात ठेवला आणि कधीच पाठवला नाही. आम्ही म्हटलं, तक्रार मिटली तर रडायचं कशावर?

गाडीत त्यांच्या शेजारच्या सीटच्या पट्ट्याला जांभळ्या सुती कापडाची एक खोळ आहे. हाताने शिवलेली, टाके वाकडेतिकडे. ही काय भानगड म्हणून विचारलं तर म्हणाले, पट्टा नवा राहतो, गाडी विकताना उपयोग होतो. मी हे मंडळात सगळ्यांना रंगवून सांगितलं. दर रविवारी सकाळी हे गृहस्थ उभ्या गाडीत जाऊन अर्धा तास फोन बघत बसायचे, तेही मी सांगितलं. स्पोर्टचे व्हिडिओ बघत असणार, घरात नीलिमा बघू देत नाही म्हणून. लोक पोट धरून हसले. सांगायला मला आवडतं, खोटं कशाला बोलू?

एप्रिलमध्ये माई यायच्या होत्या, त्या आल्या नाहीत. डॉक्टरांनी विमानाला कायमचं नाही म्हटलंय, हृदयाचं काहीतरी आहे, एवढं टिळेकर एका वाक्यात म्हणाले आणि लगेच स्पोर्टच्या चाकांवर घसरले. चाकांवर चाळीस मिनिटं. मी घरात येऊन नवऱ्याला म्हटलं, या माणसाला आईपेक्षा अलॉयची चाकं जवळची आहेत.

शेवटी नीलिमाच कंटाळली. गाडी बदला नाहीतर विषय बदला, असं तिने निर्वाणीचं सांगितलं. शोरूममध्ये एक लाल स्पोर्ट आली होती, कोणीतरी बुक करून सोडून दिलेली. जुनी देऊन ती घेता येणार होती, पण सोमवारपर्यंतच. शनिवारी टेस्ट ड्राइव्ह ठरली. नीलिमाची हॉस्पिटलच्या फार्मसीत ड्यूटी होती, म्हणून माझी वर्णी लागली. मी आनंदाने गेले. या रडगाण्यातून सुटका होणार म्हणून मी त्यांना जाताना वाटभर भरीस घालत होते.

स्पोर्ट टिळेकरांनी अठ्ठावीसच्या वेगाने चालवली. शेजारी बसलेला क्रेग, म्हणजे तिथला विक्रेता, दोनदा म्हणाला की जरा दाबा. यांनी दाबलं, एकतीस. मागच्या सीटवर माझं डोकं छताला लागत होतं, पण मी वा वा म्हणत राहिले. परत आल्यावर मी मुद्दाम पुढच्या सीटवर बसून बघितलं. सीट इतकी खोल की उठताना मला दाराला लोंबकळावं लागलं. टिळेकर ते बघत होते. मग डिकी बघायला मागे गेले.

तेवढ्यात क्रेगने मला विचारलं, की यांची आई कशी आहे? मला कळेना याला माई कुठून माहीत. तर तो सांगू लागला. मागच्या वर्षी त्यानेच टिळेकरांना बाजूला घेऊन सांगितलं होतं, की तीन आठवडे थांबा, तुम्हाला आवडेल असं काहीतरी येतंय. नियमात बसत नव्हतं, पण चौदा महिने रोज फोन करणारा माणूस, त्याला फसवल्यासारखं वाटलं असतं म्हणून सांगितलं. त्यावर टिळेकर म्हणाले होते, थांबता येणार नाही. आई शनिवारी परत जाते आहे, पुन्हा येणं तिला जमेल असं वाटत नाही, आणि तिला एकदा माझ्या गाडीत बसवायचंय. वडिलांनी तिला आयुष्यभर सायकलच्या मागे बसवून फिरवलं. माईंना सण सोडून गाडी घेतलेली चालणार नव्हती, आणि शनिवारच्या आधी सण एकच होता, दसरा.

मी तिथे टायर बघितल्यासारखं करत उभी राहिले. येताना टिळेकर विचारत होते, लाल रंग फार भडक तर नाही वाटत? मी पर्समध्ये उगाच काहीतरी शोधत राहिले. त्या गडबडीत माझा चष्मा त्यांच्या गाडीत राहिला.

रविवारी सकाळी चष्मा आणायला गेले. टिळेकर नेहमीसारखे गाडीत. काच अर्धी खाली होती. मी हाक मारणार, तोच फोनमधून माईंचा आवाज आला आणि मी कुंपणाच्या हेजपाशीच थांबले. ऐकू नये हे कळत होतं. ऐकलं.

टिळेकर फोन फिरवून एकेक गोष्ट दाखवत होते. हे बघ स्टिअरिंग, हा देव तू बसवलेला, ही तुझी सीट. माईंनी विचारलं, माझ्या लुगड्याची खोळ आहे का रे पट्ट्याला? मानेला काचला म्हणून शिवली होती. आहे की, म्हणाले. मळली असेल, काढून धू, असं माईंनी बजावलं. धुतो, म्हणाले.

मग माईंनीच विषय काढला. "मुकुंदा, नीलिमा सांगत होती, लगेच दुसरी चांगली गाडी निघाली म्हणे. माझ्यापायी घाई झाली न रे तुझी?"

किटलीवर पाच महिने घालवणाऱ्या माणसाने उत्तराला क्षणही लावला नाही. "छे गं आई. बरं झालं थांबलो नाही."

मी चष्मा न घेताच परत आले. घरात येऊन उगाच कांदा चिरत बसले. वर्षभर मी या माणसाची रंगवून रंगवून नक्कल केली होती, आणि मला माझीच शरम वाटली. दुसरं काय सांगू?

सोमवारी लाल गाडी आली नाही. संध्याकाळी राखाडी गाडी तीनदा उतरून, वाकून, भिंतीला चिकटवून लावली गेली. जांभळी खोळ धुऊन त्यांच्या पुढच्या खिडकीत वाळत होती. मग टिळेकर माझा चष्मा घेऊन दारात आले. चेहरा नेहमीचा, पडलेला.

"नाही घेतली वहिनी. त्या स्पोर्टची इलेक्ट्रिक येऊन राहिली म्हणतात पुढच्या वर्षी. जरासं थांबावं म्हणतो."

एरवी मी काय बोलले असते ते मला माहीत आहे, आणि त्यांनाही. मी त्यांना आत बोलावलं, चहा टाकला आणि विचारलं, की त्या इलेक्ट्रिकची पुढची सीट किती उंच आहे?

टिळेकर खुर्चीत नीट सरसावून बसले. सीटची उंची त्यांना सेंटिमीटरमध्ये पाठ होती.